बाईकचा तक्ता छान, पण कंबरेचं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

पुरवणीत सेकंडहँड मोठ्या बाईकवर आलेला लेख वाचला. तक्ता एकदम झकास, सीसी, पॉवर, टॉप स्पीड, मायलेज सगळं दिलंय, पण त्या गाडीवरून कोल्हापूर ते पुणे गेल्यावर माणूस उतरतो तेव्हा सरळ उभा राहतो का वाकडा, हे कुठंच नव्हतं. माझं वय सत्तेचाळीस, मणक्यात गॅप आहे, आणि आठ महिने शोधून मी अशी एक गाडी घेतलीय, म्हणून लिहायला बसलो.

मला पाहिजे होतं ते एवढंच, आंबोली घाटात मजा आली पाहिजे, हायवेला ट्रक मागं टाकताना दोन-दोन गिअर पाडायला लागू नयेत, आणि घरी आल्यावर बाम शोधायची पाळी नको. याला स्पोर्ट टूरर म्हणतात म्हणे. नवी बघायची सोयच राहिली नाही, सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या दुचाकीला जीएसटी ४० टक्के झालाय, त्यामुळं जुन्याच गाड्या बघत फिरलो.

आधी बजाजची डॉमिनार ४०० चालवली. खोटं कशाला बोलू, पैसे बेताचे असतील तर ती घ्यावी, ३७३ सीसी, स्पेअर कुठल्याही तालुक्याच्या गावाला मिळतात, बसायला सरळ. पण दोघं आणि सामान घेऊन शंभरच्या पुढं ती दमल्यासारखी वाटली मला. मग कावासाकीची निन्जा १००० बघितली, १०४३ सीसी, चार सिलेंडर, काय ओढते हो, नाद खुळा! पण २३५ किलोच्या आसपास वजन, उताराला लावलेली गाडी मागं ओढताना मला घाम फुटला आणि मालक नुसता बघत उभा. त्यांच्याच व्हर्सिस ६५० ला टाकी २१ लिटरची, आराम पण आहे, फक्त सीट ८४५ मिलिमीटर वर आणि मी पाच फूट पाच इंच, सिग्नलला बॅले डान्स करायला लागला असता. शेवटी निन्जा ६५० वर आलो, २०१८ चं मॉडेल, सीट ७९० ला, हँडल बऱ्यापैकी वर, दोन सिलेंडर असल्यामुळं खालच्या आरपीएमलाच ओढायला लागते, आणि पॉवर ६८ पीएस म्हणजे आपल्याला रग्गड. एक्स्प्रेस वेला दुचाकीला बंदी, समृद्धीला बंदी, अटल सेतूला बंदी, मग दोनशेच्या टॉप स्पीडचं काय लोणचं घालायचंय? माझ्या मित्राकडं लिटर क्लासची, म्हणजे हजार सीसीची, पोटावर झोपून चालवायची गाडी आहे, तो दर साठ किलोमीटरला थांबून मनगटं झाडतो, खंबाटकी यायच्या आत त्याचे तीन चहा होतात, आणि पुण्यात दरवेळी मीच आधी पोचतो.

आता खरं सांगायचंय ते पहिल्या बघितलेल्या निन्जा ६५० चं, पुण्यातल्या एका विक्रेत्याकडं. सकाळी साडेआठला येतो म्हणून सांगितलं होतं. गेलो तर गाडी धुऊन पुसून उभी, आणि इंजिनला हात लावला तर चटकाच बसला. थंड इंजिन चालू करताना जी खडखड ऐकू येते, जो धूर दिसतो, तो आपल्याला कळू नये म्हणून आधीच तापवून ठेवली होती. मीटर म्हणतोय ९ हजार किलोमीटर, आणि पुढच्या ब्रेकच्या डिस्कच्या कडेला नखाला लागेल एवढी धार आलेली, एवढी झीज नऊ हजारात होते होय? डिस्कवर कमीत कमी जाडी किती पाहिजे ते कोरलेलं असतं, ते वाचा. टायरवर चार आकडे असतात, २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा, नक्षी भरपूर दिसली तरी रबर म्हातारं झालेलं असू शकतं, आणि मागच्या एका टायरला पंधरा हजाराच्या पुढं जातात. मग पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवलं तर मधोमध अडकल्यासारखं झालं, म्हणजे कोनसेट, हँडलचं बेअरिंग, गेला. हँडल पूर्ण वळल्यावर जिथं टेकतं त्या स्टॉपरचा रंग उडालेला, उजवा बार-एंड, म्हणजे हँडलच्या टोकाचं बोंडूक, नवा कोरा आणि उजव्या फेअरिंगचा, बाजूच्या प्लास्टिकचा, हिरवा डावीपेक्षा जरासा पोपटी. मी विचारलं पडलीय का, तर म्हणे स्टँडवरून नुसती कलली होती साहेब!

निन्जा ६५० घेणार असाल तर खाली वाकून पोटाखाली पण बघा. सायलेन्सर खालीच आहे आणि ग्राउंड क्लिअरन्स फक्त १३० मिलिमीटर, आपल्या गावागावांतले स्पीडब्रेकर त्याला सोडत नाहीत. माझ्या गाडीलाही दोन ओरखडे आहेत, ते दाखवूनच मालकानं चार लाख दहा हजाराला दिली. माणूस सरळ निघाला, सर्व्हिसची सगळी बिलं फाईलला लावलेली.

कागदपत्रांचं लेखात एका ओळीत उरकलंय. दिल्ली-पासिंगची गाडी स्वस्त दिसते, पण ती इथं बारा महिन्यांच्या वर ठेवायची तर नंबर बदलून घ्यावा लागतो, त्याला आधी तिकडची एनओसी आणि वर इकडचा टॅक्स, म्हणजे वाचवलेले पैसे तिथंच जातात. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर ते फिटल्याचा बँकेचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि इन्शुरन्स चौदा दिवसांत नावावर करून घ्या, जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो.

एक विनंती, पुढच्या वेळी तक्त्यात सीटची उंची टाका आणि मागं बसणाऱ्याला पण विचारा. आमच्या मंडळी आजऱ्यापर्यंत गप्प होत्या, मग म्हणाल्या ही सीट आहे का पाट? गेल्या महिन्यात जेल पॅड बसवून घेतला.

ती तापवलेली निन्जा परवा परत ऑनलाइन दिसली. किंमत पंधरा हजारानं उतरवलीय, आणि फोटो सगळे डाव्या बाजूचे.

आपला,
एक जुना वाचक, कोल्हापूर