साक्षीदाराच्या खाटेपाशी न्यायालयाचा कॅमेरा हवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

न्यायालयांतल्या व्हिडिओ कॉन्फरन्सिंगविषयी (व्हीसी) अलीकडे बरेच छापून येते, पण ते बहुधा तुरुंगातल्या आरोपीच्या हजेरीपुरते असते. दिवाणी दाव्यातल्या अंथरुणाला खिळलेल्या साक्षीदाराकडे कोणाचे लक्ष नाही. मी तालुका न्यायालयात वकिली करतो आणि असे साक्षीदार सतत पाहतो.

कायद्याची आडकाठी आता उरलेली नाही. मुंबईतल्या खटल्यात न्यूयॉर्कच्या डॉक्टरांची साक्ष व्हीसीने घेता येईल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई’ या प्रकरणात दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने तर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दिलेले जबाब पुराव्याच्या व्याख्येतच घेतले. व्हीसीच्या नियमांनुसार साक्षीदाराच्या बाजूला समन्वयक लागतो. परदेशात वकिलातीचा अधिकारी, तुरुंगात अधीक्षक, रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षक. इतर ठिकाणी न्यायालय योग्य व्यक्ती नेमू शकते. पण नेमलेल्या माणसाच्या हाती द्यायला तालुक्याच्या न्यायालयाकडे साधने कुठे आहेत?

आमच्याकडच्या एका वाटपाच्या दाव्यात खुब्याचे हाड मोडलेल्या आजींची सरतपासणी, म्हणजे त्यांच्याच बाजूच्या वकिलाने घ्यायची साक्ष, नातवाच्या मोबाइलवर सुरू झाली. आजींचा चेहरा दिसे, खोली दिसत नसे. आजूबाजूला कोणीतरी उत्तरे सांगत असल्याची हरकत समोरच्या वकिलांनी घेतली. ती रास्तच होती, मीही घेतली असती. दस्तावरचा अंगठा दाखवायची वेळ आली तेव्हा तर पडद्यावर नुसता पांढरा कागद चमकत राहिला. अखेर आजींना जीपमध्ये आडवे घालून न्यायालयात आणले आणि त्या अवस्थेत त्यांची उलटतपासणी झाली. ते दृश्य पाहून मला शरम वाटली.

यावर उपाय एका बॅगेत मावेल एवढा आहे. लॅपटॉप, चेहऱ्यासाठी एक कॅमेरा, दारासह सगळी खोली दिसेल असा दुसरा, निशाणी (पुराव्याचा क्रमांक) दिलेले कागद दाखवायला तिसरा, चांगला माइक, बॅटरी आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे. ही बॅग घेऊन न्यायालयाचा कर्मचारी किंवा कोर्ट कमिशनर (साक्ष नोंदवायला न्यायालयाने नेमलेली व्यक्ती) साक्षीदाराच्या घरी जाईल. रेंज नसेल तिथे जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामपंचायत कार्यालय आहेच. साक्षीदार फक्त भिली किंवा पावरी बोलणारा असेल तर दुभाष्यालाही सोबत नेता येईल.

कमिशनर आजही आजारी साक्षीदाराच्या घरी जातो, मग कॅमेरा कशाला, असे काही ज्येष्ठ सहकारी विचारतात. कमिशनरपुढे घेतलेली हरकत नुसती नोंदवली जाते, तिचा निर्णय थेट युक्तिवादाच्या वेळी होतो. तोवर नको ते प्रश्न आणि नको ती उत्तरे कागदावर साचतात. न्यायाधीश पडद्यावर हजर असतील तर हरकतीचा निकाल जागच्या जागी लागेल. शिवाय साक्षीदार कुठे अडखळला, कोणाकडे पाहून बोलला, हे निकाल देणाऱ्यालाच दिसेल. मला हे सर्वांत मोलाचे वाटते.

उच्च न्यायालय प्रशासनाने निदान दुर्गम तालुक्यांत असा एकेक संच द्यावा. येण्याजाण्याचा खर्च मागणी करणाऱ्या पक्षकाराने भरावा, आणि ज्यांना मोफत विधी साहाय्य मिळते त्यांच्यासाठी तो विधी सेवा प्राधिकरणाने उचलावा.

– एक वकील, जि. नंदुरबार