आडव्या अक्षावरची वेळ

प्रिय मित्रा,

काकूंच्या बीपीच्या नोंदींची फाइल परवा मिळाली. दोन महिने, दिवसातून तीन-चार वेळा मोजून तू प्रत्येक आकडा वेळेसकट लिहून ठेवलास, हे पाहूनच गलबलून आलं. मग तुझा आलेख उघडला, तर त्यात काकूंची रात्र कुठेच दिसेना. पहाटे 5 आणि सकाळी 7 या नोंदींमध्ये जेवढं अंतर, तेवढंच दुपारी 1 आणि रात्री 9 यांच्यात! एवढ्या कष्टाने जपलेली वेळ अशी वाया जाताना बघवेना, म्हणून सविस्तर लिहितोय.

तू एक्सेलमधला लाइन चार्ट घेतलास. त्याच्या लेखी तुझी वेळ म्हणजे नुसती खुणेची चिठ्ठी. एक नोंद झाली की पुढची, सगळ्या सारख्या अंतरावर. अक्ष तारखेचा करून पाहिलास तर आणखी पंचाईत, कारण तिथलं सगळ्यात लहान माप एक दिवस असतं. मग दिवसभराच्या नोंदी एकाच उभ्या रेषेत एकमेकींवर चढतात. तू स्कॅटर चार्ट, म्हणजे नुसत्या ठिपक्यांचा आलेख, घे. तो आडव्या अक्षावरचा आकडा आकडा म्हणूनच वाचतो.

आणि एक्सेलमध्ये वेळ हा आकडाच असतो. मध्यरात्र म्हणजे 0, सकाळचे 6 म्हणजे 0.25, दुपारचे 12 म्हणजे 0.5, संध्याकाळचे 6 म्हणजे 0.75. तारीख याच आकड्याच्या पूर्णांकात बसते, 1 जानेवारी 1900 पासून एकेक दिवस मोजत. म्हणून तारीख आणि वेळ एकाच सेलमध्ये ठेवलीस ते उत्तम केलंस. आलेखासाठी शेजारी एक कॉलम घे आणि मॉड फॉर्म्युल्याने त्या आकड्याला 1 ने भागून उरणारी बाकी काढ. तारीख गळून पडेल, हाती निव्वळ वेळ राहील. दोन महिन्यांच्या सगळ्या सकाळी एकाखाली एक येतील.

पण त्याआधी पहिल्या आठवड्याच्या नोंदी तपास. तिथे वेळेचा वेगळा कॉलम आहे आणि तू 7:40 ऐवजी 7.40 लिहिलंयस. आपल्या हाताला टिंबाची सवय असते, पण एक्सेलला तो साडेसात दिवसांच्या आसपासचा आकडा वाटतो. त्याला वेळेचं रूप दिलं की सकाळचे 9:36 दिसतात, कारण दिवसाचा 0.4 भाग म्हणजे 9 तास 36 मिनिटं. टिंबाआधीच्या भागाला 24 ने आणि नंतरच्या मिनिटांना 1440 ने भागून बेरीज कर, म्हणजे खरी वेळ मिळेल. संध्याकाळच्या नोंदींत 12 तास मिळवायला विसरू नकोस. त्या नेमक्या कुठल्या, हे तुलाच आठवेल.

आता अक्षाच्या खुणा. त्या आपोआप पडू दिल्या तर 2:24, 4:48, 7:12 अशा विचित्र वेळा उमटतात, कारण दिवसाचे दशांशात तुकडे पडतात. घड्याळ तसं चालत नाही. खुणांमधलं अंतर 0.125 ठेव, म्हणजे दर तीन तासांनी एक खूण येईल.

खरी अडचण मध्यरात्रीची. काकू रात्री उठतात तेव्हाच्या तुझ्या दोन नोंदी बघ: एक 11:50 ची, दुसरी 12:10 ची. प्रत्यक्षात वीस मिनिटांचं अंतर, पण 0 ते 1 च्या अक्षावर एक उजव्या टोकाला आणि एक डाव्या. बाबांच्या आजारपणात ते रात्री कधी जागे होतात याची सरासरी मी काढली होती आणि उत्तर भरदुपारचं आलं. तेव्हा कुणी समजावून सांगणारं नव्हतं, त्याची हळहळ अजून आहे. उपाय अगदी सोपा होता. दुपारी 12 च्या आधीच्या प्रत्येक वेळेत 1 मिळव आणि अक्ष 0.5 पासून 1.5 पर्यंत ठेव. दुपार ते दुपार असा दिवस मांडला जातो, रात्र मधोमध अखंड येते. खुणांवर वेळ बरोबरच दिसते, कारण दाखवताना फक्त अपूर्णांक घेतला जातो. झोपेत बहुतेकांचं बीपी 10 ते 20 टक्क्यांनी उतरतं आणि पहाटेनंतर चढू लागतं. ते बघायचं तर रात्र दुभंगून चालणार नाही.

ठिपके रेघेने जोडू नकोस. सकाळच्या नोंदीवरून दुपारच्या नोंदीकडे जाणारी रेघ या अक्षावर उलटी धावते आणि सगळं जाळं होतं. काकूंची बीपीची गोळी बदलण्याआधीच्या नोंदींना एक रंग दे, नंतरच्यांना दुसरा.

हे लिहिताना मला फ्रेंच शास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे आठवत राहिले. नाडीचे ठोके कागदावर उमटवणारं यंत्र त्यांनी घडवलं होतं. त्यांनीच 1885 साली पॅरिस-लियाँ मार्गावरच्या गाड्यांचं वेळापत्रक आलेखरूपात छापलं. आडव्या अक्षावर दिवसाचे तास, उभ्यावर स्थानकं. रेघ जितकी चढी, गाडी तितकी वेगवान. तास सारख्या मापाने आखले होते म्हणूनच तो वेग डोळ्यांना दिसतो.

तुझ्या फाइलवरून मी असा आलेख काढलाय, सोबत जोडतोय. नंतरच्या रंगाचे ठिपके दिवसभर खाली आलेत, पण पहाटे 5 ते 7 मध्ये दोन्ही रंग एकमेकांत मिसळलेत. ती जागा मी पेन्सिलने घेरली आहे. पुढच्या तपासणीला जाशील तेव्हा हा कागद डॉक्टरांसमोर ठेव, आणि पहिल्या आठवड्याच्या वेळा दुरुस्त झाल्या की मला फाइल पुन्हा पाठव. काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
जुना मित्र