माळ वाचला की ओ!

सोलापूरजवळ नान्नजच्या अलीकडचा तो गवताळ माळ प्लॉटिंगवाल्याला जाणार कळलं तेव्हा हातात फक्त आठ दिवस, मालक म्हणाला इसार आणा नायतर त्यांचा चेक घेतो, आणि तुम्ही लोकांनी नाव न सांगता पैसे पाठवले. लै थँक्यू! एका काकूंनी तर भिशीचे पैसे रुमालात बांधून आणले, "पावती नको, कुसळी गवत तेवढं राहू दे" म्हणल्या. इथलं माळढोकचं अभयारण्य 1979 पासून आहे, पण कडेचे असे खाजगी तुकडे गेले तर काळवीट, लांडगे जाणार कुठं? शेतजमीन, म्हणून खरेदीला शेतकरीच लागतो, ज्यांनी स्वतःचा सातबारा पुढं केला त्यांचे उपकार वेगळेच. काल खरेदीखत झालं. संध्याकाळी गेलो तर प्लॉटच्या चुन्याच्या रेघेवर धाविक पक्षी निवांत उभा होता.