पदोन्नतीच्या फाइलमध्ये न दिसणारे अध्यापन

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

वैद्यकीय अध्यापकांच्या पदोन्नतीविषयी आपल्या दैनिकात प्रसिद्ध झालेला लेख वाचला. शोधनिबंधांची संख्या, नियतकालिकांचा दर्जा आणि लेखकांच्या यादीतील क्रम यांची त्यात केलेली चर्चा योग्यच आहे. परंतु तो वाचून एखाद्या नव्या सहायक प्राध्यापकाचा असा समज होईल की, पदोन्नतीची तयारी म्हणजे निबंधांची बेरीज. पदोन्नती समितीचा सदस्य म्हणून काही वर्षे काम केल्यामुळे मला याची दुसरी बाजू मांडावीशी वाटते. समितीपुढे येणाऱ्या प्रस्तावांत सर्वांत कच्चा भाग बहुधा संशोधनाचा नसतो, अध्यापनाचा असतो. त्या व्यक्तीने शिकवलेले नसते असे नाही. शिकवल्याचा कोणताही पुरावा तिने ठेवलेला नसतो.

वैद्यकीय अध्यापकाला रुग्णसेवा, अध्यापन आणि संशोधन अशी तीन कामे एकाच दिवसात करावी लागतात. त्यांपैकी संशोधनाची नोंद आपोआप होते, कारण निबंध छापून येतो आणि सूचींमध्ये सापडतो. रुग्णसेवेची नोंद रुग्णालयाच्या दफ्तरात राहते. वॉर्डातील राउंडमध्ये निवासी डॉक्टरांना पोट तपासायला शिकवण्यात गेलेला तास, शस्त्रक्रियेच्या वेळी कनिष्ठाच्या हाती चाकू देऊन शेजारी उभे राहण्यातली जोखीम, नापास झालेल्या विद्यार्थ्याबरोबर बसून त्याचे कुठे चुकते ते शोधण्याची चिकाटी, यांची नोंद मात्र कुठेच होत नाही. व्याख्यानांचे वेळापत्रक तेवढे शिल्लक राहते, आणि वेळापत्रकावरून शिकवण्याचा दर्जा ठरवता येत नाही.

अध्यापनाला विद्वत्तेचे काम मानावे की नाही, हा वाद जुना आहे. 1990 साली अमेरिकेतील कार्नेगी फाउंडेशनचे अध्यक्ष अर्नेस्ट बॉयर यांनी आपल्या अहवालात विद्वत्तेचे चार प्रकार मांडले: नवे ज्ञान शोधणे, विखुरलेल्या ज्ञानाची सांगड घालणे, ज्ञानाचा प्रत्यक्ष उपयोग करणे आणि अध्यापन. पुढे 1997 मध्ये त्याच संस्थेतील ग्लासिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे चारही प्रकार एकाच मापाने कसे जोखता येतील हे सांगितले. उद्दिष्ट स्पष्ट होते का, पूर्वतयारी पुरेशी होती का, पद्धत योग्य होती का, परिणाम महत्त्वाचा होता का, तो इतरांपर्यंत नीट पोहोचवला गेला का आणि स्वतःच्या कामाची चिकित्सा केली गेली का, असे ते सहा निकष आहेत. अनेक वैद्यकीय विद्यापीठांच्या पदोन्नती नियमांत आज हीच चौकट दिसते. माझ्या मते यांतला शेवटचा निकष सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. ‘मी अमुक अभ्यासक्रम घेतो’ असे लिहिणारे पुष्कळ भेटतात. ‘पहिल्या वर्षी विद्यार्थी औषधांच्या मात्रेच्या प्रश्नांत अडखळत होते, म्हणून दुसऱ्या वर्षी मी व्याख्यान वगळून प्रत्यक्ष उदाहरणे सोडवून घेतली आणि परीक्षेत त्याचा असा फरक पडला’ असे लिहिणारे विरळा.

म्हणून अध्यापनाचा पोर्टफोलिओ, म्हणजे शिकवण्याच्या कामाच्या नोंदी आणि पुरावे यांची फाइल, अर्ज करण्याच्या वर्षी नव्हे, तर नेमणूक झालेल्या वर्षीच उघडावा. अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने पुरस्कारलेल्या पद्धतीनुसार शैक्षणिक कामाची नोंद पाच भागांत केली जाते: प्रत्यक्ष अध्यापन, अभ्यासक्रमाची रचना, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन, विद्यार्थ्यांचे मूल्यमापन आणि शैक्षणिक नेतृत्व. प्रत्येक भागात किती काम केले हे जसे लिहावे लागते, तसेच ते किती चांगले झाले याचा पुरावाही जोडावा लागतो. मार्गदर्शनाचेच उदाहरण घ्या. दहा विद्यार्थ्यांची नावे लिहिणे सोपे आहे. पण ते पुढे कुठे गेले, त्यांपैकी कोणाचा निबंध प्रसिद्ध झाला, कोण स्वतः अध्यापक झाले, ही माहिती त्या त्या वेळी टिपली नाही तर काही वर्षांनी ती गोळा करणे जवळजवळ अशक्य होते. प्रश्नपेढी तयार केली असेल तर किती प्रश्न पुढील परीक्षांत वापरले गेले, कौशल्यचाचणीचे केंद्र उभारले असेल तर ते दुसऱ्या विभागाने स्वीकारले का, असे तपशील समितीला पटतात. आपला अध्यापनाचा घटक समकक्ष परीक्षणासाठी, म्हणजे त्याच क्षेत्रातील इतर तज्ज्ञांकडून तपासून घेण्यासाठी, पाठवण्याची सोयही आता आहे; त्याच संघटनेच्या मेडएडपोर्टल या नियतकालिकात अशी साहित्यनिर्मिती तपासून प्रसिद्ध केली जाते, आणि ती शोधनिबंधाप्रमाणेच उद्धृत करता येते.

विद्यार्थ्यांच्या अभिप्रायांविषयी मात्र सावध राहावे लागते. ते जोडावेतच, पण केवळ सरासरी गुण जोडल्याने काही सिद्ध होत नाही. किती विद्यार्थ्यांपैकी किती जणांनी अभिप्राय दिला, विभागातील इतरांच्या तुलनेत तो कसा आहे आणि वर्षागणिक त्यात काय बदल झाला, हे सांगितल्याशिवाय आकडा मुका राहतो. शिवाय अशा अभिप्रायांत स्त्री अध्यापकांच्या वाट्याला पूर्वग्रह येतात, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. त्यामुळे सहकाऱ्याने वर्गात किंवा रुग्णाच्या खाटेजवळ बसून केलेल्या निरीक्षणाचा लेखी अहवाल अधिक वजनदार ठरतो. तो मागायला अध्यापक संकोचतात आणि द्यायला सहकारी. दोघांचाही संकोच अनाठायी आहे.

संशोधनाविषयी लेखात पुरेसे आले असल्याने थोडक्यात लिहितो. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे नियतकालिकातील निबंध सरासरी किती वेळा उद्धृत होतात याचा आकडा, हे माप मुळात नियतकालिकांची निवड करता यावी म्हणून निर्माण झाले. ते नियतकालिकाचे सरासरी माप आहे, एखाद्या निबंधाचे नव्हे आणि एखाद्या माणसाचे तर नव्हेच. 2005 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी मांडलेला एच-इंडेक्स (दहा निबंध प्रत्येकी किमान दहा वेळा उद्धृत झाले तर दहा, असे माप) व्यक्तीला लागू होतो खरा, परंतु तो वयाबरोबर वाढतच जातो आणि मोठ्या विषयशाखेतील माणसाला झुकते माप देतो. 2012 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील बैठकीत आकाराला आलेल्या आणि ‘डोरा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाहीरनाम्याने नेमणुका व पदोन्नती यांसाठी नियतकालिकांच्या मापांचा आधार न घेता कामाचा आशय पाहावा, असे स्पष्ट म्हटले आहे. लेखकांच्या यादीबाबत वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष आहेत: कामाच्या आखणीत, माहिती जमवण्यात किंवा तिच्या विश्लेषणात भरीव वाटा, मजकूर लिहिण्यात किंवा चिकित्सकपणे सुधारण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. हे चारही पूर्ण होत नसतील तर विभागप्रमुखांचे नावही घालू नये. पण हे सांगण्याचे बळ कनिष्ठाकडे नसते, त्यामुळे ती जबाबदारी वरिष्ठांनी उचलायला हवी.

लेखात टेन्युअरचा, म्हणजे ठरावीक परिवीक्षाकाळानंतर मिळणाऱ्या सेवाशाश्वतीचा, उल्लेख ओझरता आला आहे. अमेरिकी विद्यापीठांत या परिवीक्षाकाळाला सात वर्षांची कमाल मर्यादा असावी, हे तत्त्व अमेरिकी विद्यापीठ प्राध्यापकांच्या संघटनेच्या 1940 च्या निवेदनात मांडले गेले. वैद्यकीय शाखेत रुग्णसेवेचा भार पाहता अनेक संस्थांनी ती मुदत वाढवली, आणि बाळंतपण, दत्तक वा आजारपणाच्या काळात ती थांबवण्याची तरतूद केली. तेथील रुग्णसेवा करणाऱ्या बहुतांश अध्यापकांची नेमणूक आता टेन्युअरबाह्य मार्गांवर, म्हणजे सेवाशाश्वती नसलेल्या पदप्रकारांत, होते, आणि टेन्युअर मिळाले तरी संपूर्ण पगाराची हमी मिळतेच असे नाही. म्हणूनच आपली नेमणूक कोणत्या मार्गावर आहे, त्या मार्गावर कोणत्या कामाला किती वजन आहे आणि मार्ग बदलता येतो का, हे प्रश्न नेमणूकपत्रावर सही करण्यापूर्वी विचारले पाहिजेत. शिकवण्याच्या ओढीने आलेला माणूस संशोधनाच्या मार्गावर नेमला गेला, तर त्याची सर्व गुणवत्ता चुकीच्या रकान्यात मोजली जाते.

बाह्य परीक्षकांची पत्रे, म्हणजे अर्जदाराच्या कामाविषयी संस्थेबाहेरील ज्येष्ठांनी समितीला लिहिलेले अभिप्राय, हा आणखी एक दुर्लक्षित भाग. ती ज्यांनी लिहायची ते आपले मार्गदर्शक किंवा सहलेखक नसावेत, असा दंडक बहुतेक ठिकाणी असतो. मग आपल्याला ओळखणारे पण आपल्याशी हितसंबंध नसलेले ज्येष्ठ कुठून आणायचे? परिषदांतील सादरीकरण, नियतकालिकांसाठी केलेले परीक्षण, संघटनांच्या समित्यांवरील काम यांतूनच अशी ओळख होते आणि तिला वर्षे लागतात. या परीक्षकांपुढे आपले आत्मनिवेदन जाते. त्यात जीवनवृत्तातील नोंदींची पुनरावृत्ती करण्याऐवजी आपण कोणता प्रश्न घेऊन काम केले आणि आपल्यामुळे त्यात काय बदलले, हे वेगळ्या विषयाच्या डॉक्टरलाही समजेल अशा भाषेत लिहावे. समितीवर शरीररचनाशास्त्रज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ शेजारी बसलेले असतात, हे अर्जदार विसरतात.

इथवर लिहिलेली जबाबदारी अध्यापकाची झाली; पण ती एकट्याची नव्हे. निकष लेखी स्वरूपात देणे, दरवर्षी विभागप्रमुखांनी प्रगतीचा लेखी आढावा घेणे आणि परिवीक्षाकाळाच्या मध्यावर समितीकडून प्रस्तावाची रंगीत तालीम करून घेणे, या तीन गोष्टी कोणतीही संस्था फारसा खर्च न करता करू शकते. मध्यावरच्या आढाव्यात उणीव दिसली तर ती भरून काढायला वेळ उरतो. अंतिम निर्णयात दिसली तर फक्त नकारपत्र उरते. त्याचबरोबर प्रवेश, तक्रारनिवारण, परीक्षा अशा असंख्य समित्यांची कामे कोणावर पडतात याचाही हिशेब संस्थांनी ठेवावा. ही कामे बहुतेकदा कनिष्ठांवर आणि त्यांतही स्त्रियांवर लादली जातात, पदोन्नतीच्या वेळी मात्र त्यांना जवळपास शून्य वजन मिळते. अशा कामांना निकषांत निश्चित जागा द्यावी; ते शक्य नसेल, तर परिवीक्षाकाळातील अध्यापकाला ती नाकारण्याची लेखी मुभा असावी आणि नकाराची नोंद त्याच्या गोपनीय अहवालात होऊ नये.

आपला,
एक निवृत्त वैद्यकीय प्राध्यापक