कष्टाच्या पैशाला व्याज का नाही?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विषमतेवर आपल्या दैनिकात अलीकडे बरंच छापून आलं. श्रीमंतांवर कर किती असावा, फुकटच्या योजना हव्यात की नकोत, यावर वाचकांनीही हिरिरीनं लिहिलं. मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही. इंदूरच्या महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये कापडाच्या एका पेढीवर एकतीस वर्षं मुनीम आहे. व्याजाचा हिशेब हे माझं रोजचं काम. म्हणून या चर्चेत मला जे कुठंच दिसलं नाही, तेवढंच लिहितो. गरिबाला पैसा कमी मिळतो हे खरंच, पण तो उशिरा मिळतो, आणि त्या उशिराचा भुर्दंड त्याच्याच डोक्यावर बसतो.

आमच्या प्रत्येक बिलाच्या तळाला छापलेलं असतं: मुदतीनंतर दीड टक्का महिना व्याज. पार्टी खरगोनची असो वा धारची, तारीख टळली की मी दिवस मोजून व्याज काढतो आणि खात्यात नावे टाकतो. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. सरकारलाही वाटत नाही. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी 2006 साली कायदा झाला, त्यात लहान उत्पादकाचे पैसे फार तर 45 दिवसांत चुकते करायचे आहेत. नाही केले तर बँक दराच्या तिप्पट दरानं, तेही दरमहा चक्रवाढ व्याज. 2024च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आयकराच्या नव्या नियमामुळं याच 45 दिवसांवरून बाजारात केवढी धांदल उडाली होती! रात्री दहापर्यंत बसून आम्ही जुनी बिलं निकाली काढली. कायदा चांगला आहे. लहान कारखानदाराचा पैसा कुणी दाबून ठेवू नये, हे बरोबरच आहे.

आता याच बाजारातल्या एका चौकीदाराचं सांगतो. तो पेढ्यांचा नोकर नाही, ठेकेदाराचा आहे. पेढ्या ठेकेदाराला महिन्याच्या महिन्याला पैसे देतात, आमच्या पेढीचा चेक मीच लिहितो. कायद्यानं महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत व्हायला हवा. याचा होतो 20-22 तारखेला. हातात येतात अकरा हजार. घरभाडं, किराणा, मुलीची फी मात्र पहिल्या आठवड्यातच मागायला येतात. मग तो वस्तीतल्या एकाकडून शेकडा दहा महिना दरानं दहा हजार उचलतो आणि पगार झाला की फेडतो. पंधरा दिवसांचं व्याज पाचशे रुपये. वर्षाचे सहा हजार, म्हणजे एका महिन्याचा निम्म्याहून जास्त पगार, निव्वळ पगार उशिरा होतो म्हणून जातो. हा हिशेब मी त्याला कागदावर करून दाखवला तेव्हा तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मुनीमजी, मुलीच्या शाळेत फी उशिरा भरली तर रोजचे दहा रुपये दंड लावतात." ठेकेदाराला दंड कोण लावणार, हे त्यानं विचारलं नाही.

हे मला इतकं का लागतं, तेही सांगतो. माझे बाबा इथल्याच एका कापड मिलमध्ये साचाखात्यात, म्हणजे मागांवर होते. आम्ही परदेशीपुऱ्यात दोन खोल्यांत राहायचो. शेजारचे काका बँकेत कारकून. दोघांचे पगार साधारण सारखे, ओव्हरटाइम धरला तर बाबांचा थोडा जास्तच. विजयनगरकडे प्लॉट निघाले तेव्हा दोघांनी एकाच दिवशी, एकाच सायकलवरून जाऊन अर्ज भरले. पहिला हप्ता दोघांनी भरला, दुसराही भरला. तिसऱ्याच्या आधी मिलचा पगार तुंबला. चार महिने तुंबला आणि मग एके सकाळी भोंगा वाजलाच नाही. मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. प्लॉट सोडून द्यावा लागला. दुसऱ्या हप्त्याची गुलाबी पावती अजून आईच्या पत्र्याच्या पेटीत आहे, घडीवर फाटलेली.

बाबांचे पैसे सहा वर्षांनी आले, दोन तुकड्यांत. मिल बंद पडली तेव्हा जेवढे निघत होते तेवढेच, पैसाही वर नाही. मधल्या काळात आईच्या बांगड्या गहाण पडल्या होत्या. त्या सोडवायला मीच गेलो, तर व्याज मुद्दलाच्या पुढे गेलेलं. एकाच घरातली तीच सहा वर्षं. आमचं देणं रोज वाढत होतं आणि आमचं येणं जागचं हललं नव्हतं. पुढं मुनीम झाल्यावर हजारो खाती मांडली, पण असं एकतर्फी खातं दुसरं पाहिलं नाही.

काकांचा प्लॉट टिकला. आज तिथं तीन मजले आहेत, खाली दोन दुकानं भाड्यानं. त्या भाड्यावर त्यांचा नातू पुण्यात शिकला. माझी मुलगी कर्ज काढून शिकली आणि नोकरीची पहिली पाच वर्षं हप्ते फेडत राहिली. काकांनी आमचं काही घेतलं नाही, उलट माझी परीक्षेची फी त्यांनीच भरली होती. पण दोन सारख्या घरांत ही दरी पडली ती अंगातल्या हुशारीमुळं किंवा आळसामुळं नव्हे. एकाचा पगार तारखेला होत होता आणि दुसऱ्याचा होत नव्हता, एवढंच.

इथलीच हुकुमचंद मिल बंद पडून तीस वर्षं उलटल्यावर, 25 डिसेंबर 2023 रोजी, तिच्या सुमारे 4,800 कामगारांच्या थकीत देण्यांसाठी 224 कोटींच्या आसपास रकमेचा धनादेश दिला गेला. मला मनापासून आनंद झाला. पण कित्येक कामगार तोवर हयात नव्हते. आणि 1992 साली दहा ग्रॅम सोनं चार हजारांच्या आसपास होतं, 2023च्या डिसेंबरात साठ हजारांच्या वर. मिलची जमीन तर शहराच्या मधोमध. तीस वर्षांत जमिनीचा भाव शहराबरोबर वाढत गेला, कामगाराचं वय वाढत गेलं.

कंपनी बुडाली तर कामगारांच्या देण्यांना तारण कर्जाच्या बरोबरीचं स्थान 1985च्या दुरुस्तीनं मिळालं होतं. 2016च्या दिवाळखोरी संहितेत ते आधीच्या 24 महिन्यांच्या देण्यांपुरतंच राहिलं. म्हणजे रांगेत पुढे उभं केलं, पण रांग कधी हलणार ते कुणी सांगत नाही.

ग्रॅच्युइटीची सक्ती 1972च्या कायद्यानं आली. ती तीस दिवसांत द्यायची, उशीर झाला तर व्याज आहे, पण सरळव्याज. लहान उद्योगाच्या बिलाला चक्रवाढ आणि कामगाराच्या ग्रॅच्युइटीला सरळ, हा भेद का? एक लाख रुपये, दर दहा टक्के, वीस वर्षं. सरळव्याजानं तीन लाख होतात, वार्षिक चक्रवाढीनं पावणेसात लाखांच्या जवळ. ज्याला पैसे द्यायचे आहेत, त्याला सरळव्याजात दिरंगाई परवडते. चक्रवाढ लागलं तर तो उद्याच चेक फाडेल. बाजारात मी हे रोज पाहतो.

माझं मागणं एवढंच, की पगार, ग्रॅच्युइटी आणि बंद कारखान्यांची देणी यांना 2006च्या कायद्यासारखंच व्याज लागावं, आणि ते मागायला कामगाराला कोर्टाची पायरी चढावी लागू नये. आणि आपल्याला एक विनंती. दर महिन्याच्या 8 तारखेला आपला एखादा वार्ताहर बाजारात, इस्पितळांत, मोठ्या इमारतींच्या फाटकांवर पाठवा. ठेक्यावरच्या चौकीदारांना, झाडूवाल्यांना पगार झाला का, एवढंच विचारायचं आणि मिळालेलं उत्तर छापायचं.

आमच्या पेढीपुरतं मी शेठजींशी बोललो. ठेकेदाराचा पुढचा चेक, त्यानं चौकीदारांना पगार दिल्याच्या सह्या आणून दाखवल्याशिवाय लिहायचा नाही, असं त्यांनी मान्य केलं. शेजारच्या दोन पेढ्या तयार आहेत, बाकीच्यांशी बोलणं चालू आहे. आज 19 तारीख. त्या चौकीदाराचा पगार अजून झालेला नाही.

आपला,
एक मुनीम,
इंदूर