अनघाच्या कॉलेजबद्दल, जरा सविस्तर

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय संगी,

तुझा मेसेज वाचला आणि म्हटलं हे फोनवर अर्धवट बोलण्यासारखं नाही, निवांत बसून लिहूया. अनघाने सेकंड पीयूसीनंतर, म्हणजे बारावीनंतर, पॉलिटिकल सायन्स घ्यायचं म्हटलंय हे ऐकून मला खरंच आनंद झालाय गं. तुझे दीर बीए करून काय होणार म्हणतात, म्हणू देत. आवडीने विषय घेणारं पोर आणि मार्क कमी पडले म्हणून आर्ट्सला आलेलं पोर यांच्यात किती फरक असतो ते मी रोज वर्गात बघतेय की.

आता तू विचारलंस, या विषयासाठी स्ट्राँग कॉलेज कुठलं. पहिलं सांगते, नॅक म्हणजे कॉलेजांना दर्जा देणारी संस्था, तिची ग्रेड बघून भुलू नको. ती ग्रेड अख्ख्या कॉलेजची असते, बिल्डिंग, लायब्ररी, रिझल्ट सगळं धरून, आणि त्यातला राज्यशास्त्राचा विभाग एका माणसावर चाललेला असू शकतो. एनआयआरएफ या सरकारी रँकिंगचं पण तेच, त्यात इंजिनियरिंग, लॉ, मेडिकल यांच्या वेगळ्या याद्या असतात पण पॉलिटिकल सायन्सची अशी वेगळी यादीच नसते, म्हणून त्या नावावर कुणी या विषयात देशात अमुक नंबर म्हणून सांगितलं तर मान हलवून पुढे जा.

त्यापेक्षा अनघाला घेऊन सरळ कॉलेजात जा आणि विभागात विचार, परमनंट शिक्षक किती, गेस्ट लेक्चरर किती. गेस्टवाले वाईट शिकवतात असं मी मुळीच म्हणत नाही, त्यातले काही फार जीव लावून शिकवतात, पण पुढच्या वर्षी ते तिथं असतील की नाही हे त्यांनाच माहीत नसतं, मग पोराला तीन वर्षं ओळखणारं कोण राहणार? थिअरी, भारतीय राज्यव्यवस्था, आंतरराष्ट्रीय संबंध, पब्लिक अॅडमिनिस्ट्रेशन हे सगळं एकटाच माणूस शिकवत असेल तर तो तरी कशात खोल जाणार. नंतर कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या पोरींना गाठा आणि एवढंच विचारा, मागच्या सेमिस्टरला तू शेवटचं काय लिहिलंस आणि सरांनी त्यावर काय शेरा मारला. गाईडमधून उतरवलं आणि नुसती टिक मिळाली असं उत्तर आलं तर ते कॉलेज कितीही जुनं असू दे, नको. हा विषय लिहून आणि भांडूनच येतो, पाठ करून येत नाही. आणि लायब्ररीत पुस्तकं कपाटात कुलूप लावून ठेवलीत की पोरं हातात घेऊन बघतात ते पण बघा, मी तर इश्यू रजिस्टरच मागून बघेन.

आपल्याकडच्या पोरांच्या बाबतीत मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपली पोरं राजकारण ऐकतच मोठी होतात. एक नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि त्याच दिवशी दुसरीकडे मराठी लोकांच्या काळ्या दिवसाची फेरी, हे अनघाने लहानपणापासून बघितलंय. १९५६ ची राज्य पुनर्रचना, सीमावादावरचा महाजन आयोग, महाराष्ट्र मागतो ती ८६५ गावं, सुप्रीम कोर्टातली केस, हे सगळे शब्द तिच्या तोंडात आहेत. पण महाजन आयोगाने १९६७ मध्ये नक्की काय सांगितलं ते विचार तिला. बेळगाव शहर कर्नाटकातच राहावं, आणि तुमचं खानापूर नि तिकडे निपाणी महाराष्ट्राला द्यावी, आणि उलट जत, अक्कलकोटकडचा भाग कर्नाटकाला, अशी शिफारस होती. महाराष्ट्राने ती नाकारली आणि कर्नाटक आजही तोच अहवाल धरून बसलंय. खानापुरात राहून किती जणांना हे माहीत असेल सांग.

मग पुढचं. महाराष्ट्राने २००४ मध्ये दावा घातला तो घटनेच्या कलम १३१ खाली, म्हणजे राज्याराज्यातलं भांडण थेट सुप्रीम कोर्टात. कर्नाटक म्हणतं की कलम ३ प्रमाणे सीमा बदलायचा अधिकार संसदेचा, कोर्टाचा नाही. आता यातलं बरोबर काय? हे घरात विचारलं तर उत्तर आधीच ठरलेलं असतं, चौकात विचारलं तर आवाज चढतो. वर्गात मात्र दोन्ही बाजू तेवढ्याच ताकदीने मांडून दाखवणारा मास्तर पाहिजे, आणि मग पोरीला म्हणणारा की आता तू लिही, पुरावा देऊन. तसंच भाषेचं. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०अ आणि ३५०ब आले, अल्पसंख्याक भाषेच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं आणि त्यांच्यासाठी स्पेशल ऑफिसर असावा म्हणून. मराठी शाळेत शिकलेल्या पोरीला हे वाचताना आपल्याच वर्गाची आठवण येणार. पण २०१४ मध्ये कर्नाटकाच्याच केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की सरकार मातृभाषेचं माध्यम सक्तीने लादू शकत नाही, हे तिच्यासमोर ठेवल्यावर ती गोंधळेल, आणि ती गोंधळली पाहिजे, तिथूनच तिचं शिकणं सुरू होईल. ज्या कॉलेजात असा प्रश्न वर्गात काढायला शिक्षक घाबरत नाही ते माझ्या दृष्टीने स्ट्राँग कॉलेज.

आता नावांवर येते. तुमच्या घरी पुणे म्हणत असतील, कोल्हापूर म्हणत असतील. वाईट काहीच नाही. फर्ग्युसन १८८५ चं, एसपी १९१६ चं, पुण्यात व्याख्यानं असतात, लायब्रऱ्या आहेत, विद्यापीठाचा राज्यशास्त्र विभाग चांगला आहे. कोल्हापूरचं राजाराम कॉलेज तर १८८० चं, आणि सांगलीचं विलिंग्डन पण जुनं नाव. दिल्लीला हिंदू, एलएसआर म्हणजे लेडी श्रीराम, रामजस ही कॉलेजं, तिथं २०२२ पासून सीयूईटी ही प्रवेश परीक्षा देऊन जावं लागतं, पेपर मराठीतून पण देता येतो, आणि आपल्याकडून गोवा एक्सप्रेस सरळ निजामुद्दीनला जाते. पण अठराव्या वर्षी दिल्लीचा खर्च आणि एकटेपण, मला तरी घाई वाटते, ते एमएला.

माझं मत ऐकून तुझ्या सासरी नाकं मुरडतील, तरी सांगते. बीएसाठी मी धारवाड आधी बघेन. कर्नाटक आर्ट्स कॉलेज १९१७ पासूनचं, ते विद्यापीठाचंच कॉलेज आहे, त्यामुळे पदवीच्या पोरांना पण विद्यापीठाची लायब्ररी आणि मोठे प्राध्यापक जवळ असतात. शिवाय गावात सीएमडीआर ही संशोधन संस्था आहे, विकास, पंचायत असल्या विषयांवर काम करणारी. आणि खरं कारण म्हणजे कन्नड. अनघाला आपल्याच जिल्ह्याचं राजकारण समजून घ्यायचंय ना, मग ग्रामपंचायतीचे ठराव, सरकारी आदेश, बेळगावच्या सुवर्णसौधात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन होतं त्यातली भाषणं, सगळं कन्नडमध्ये असतं. आपण कन्नड बाजारापुरतं आणि बसच्या पाटीपुरतं शिकतो आणि थांबतो. तीन वर्षं धारवाडला कन्नड बोलणाऱ्या पोरींबरोबर हॉस्टेलला राहिली तर ती कन्नड वाचायला, भांडायला, लिहायला शिकेल, आणि मराठी तर तिची आहेच, ती कुठं जातेय. मराठी आणि कन्नड दोन्हीकडचे कागद मुळातून वाचून सीमाभागावर लिहू शकणारी माणसं फार थोडी आहेत गं. कन्नड शिकली म्हणून मराठीपण कमी होतं असं कुणी म्हणालं तर माझ्याकडे पाठव त्याला.

मग एमएला पुणे, जेएनयू, हैदराबाद सेंट्रल युनिव्हर्सिटी, कुठंही जाऊ दे, तेव्हा तिच्याकडे स्वतःचा प्रश्न असेल. प्रश्न घेऊन गेलेल्या पोराला मोठी युनिव्हर्सिटी खूप देते, नुसतं नाव बघून गेलेल्याला तिथं हरवायला होतं.

धारवाडचा विभाग वर सांगितलेल्या कसोटीला उतरला नाही तर मात्र हट्ट करू नका, मग पुणे. आणि पैशाची अडचण असेल तर बेळगावात आरपीडी, लिंगराज ही कॉलेजं आहेतच, ती माझ्याकडे राहील, संध्याकाळी मी वाचून घेईन तिच्याकडून. तू पैशासाठी तिचा विषय बदलू नको एवढंच मागते.

यूपीएससीचं विचारलंस. हो, हा विषय ऑप्शनल घेता येतो, २५० मार्कांचे दोन पेपर, आणि मराठीतून लिहिता येतात. पण त्यासाठी आत्तापासून क्लास लावू नको. कोचिंगवाले बीएच्या पहिल्या वर्षापासून फाउंडेशन बॅच म्हणून पैसे घेतात आणि पोरं मग कॉलेजचं पुस्तकच उघडत नाहीत, नोट्सच्या झेरॉक्स वाचतात. तिला रोज पेपर वाचू दे, एक मराठी, एक कन्नड, एक इंग्रजी, आणि एकच बातमी तिन्हीत कशी वेगळी येते ते वहीत लिहू दे. डिग्रीचं पण बघून ठेव, कर्नाटकाने २०२४ पासून परत तीन वर्षांची डिग्री केलीय आणि दिल्लीला चार वर्षांचा ऑप्शन आहे, तीन वर्षांवर दोन वर्षांचं एमए केलं की झालं, त्यात काही नुकसान नाही.

या रविवारी तिला घेऊन ये, मार्क्स कार्ड आणि टीसीच्या झेरॉक्स आण. सोमवारी मला सुट्टी आहे, सकाळच्या गाडीने तिघी धारवाडला जाऊ, मी विभागात बोलून ठेवते की एक मुलगी वर्गात बसून बघणार आहे म्हणून. तिला सांग, तिथं विचारायचे प्रश्न तिने स्वतः लिहून आणायचे, आपण दोघी गप्प बसणार.

तुझी,
माधवी