गठ्ठे रद्दीत गेले: उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातली. इतिहासात पीएच.डी. करते आहे. विषय आहे साताऱ्याचं प्रतिसरकार, म्हणजे स्वातंत्र्यलढ्यात इंग्रजांना डावलून गावोगावी चालवलेलं समांतर सरकार. माझी नोंदणी कोणत्या विद्यापीठात आहे ते इथे लिहीत नाही. लिहिलं तर त्याचा जाच माझ्या मार्गदर्शकांना होईल, आणि त्यांचा यात काडीचाही दोष नाही.

गेल्या आठवड्यात ग्रंथालयाच्या तळघरात गेले तर एक अख्खा कप्पा रिकामा. 1940 नंतरच्या मराठी साप्ताहिकांचे बांधीव गठ्ठे तिथे असायचे, लाल फडक्यात गुंडाळलेले. परिचर काका म्हणाले, "ताई, ते निर्लेखित झाले. नॅकची समिती दर्जा तपासायला यायचीय, जागा मोकळी करायला सांगितलं. टेम्पो येऊन घेऊन गेला." म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदीतून काढले आणि रद्दीत गेले. किलोवर.

याच गठ्ठ्यांचे फोटो काढू द्या म्हणून मी गेल्या वर्षी रीतसर अर्ज केला होता. लेखी उत्तर आलं: कागद जीर्ण आहे, हाताळू नये, पुढील शैक्षणिक वर्षात सर्व अंकांचं स्कॅनिंग होईल, तोवर सहकार्य करावे. मी सहकार्य केलं. ते पत्र सही-शिक्क्यासकट माझ्याकडे आहे. अंक मात्र आता नाहीत.

हे कुणी ठरवलं म्हणून विचारत फिरले, तर ठरवणारा माणूसच सापडत नाही. ग्रंथपाल निवृत्त झाले, जागा भरलीच नाही. अतिरिक्त कार्यभार विज्ञान शाखेच्या एका प्राध्यापकांकडे आहे. ते भले गृहस्थ आहेत, पण स्वतःचे तास, परीक्षा आणि समित्या सांभाळून सही करण्यापुरतेच ग्रंथालयात येतात. निर्लेखनाची यादी समोर आली, त्यांनी सही केली. पूर्वीचे ग्रंथपाल असते तर ती यादी एका रात्रीत उलटली असती. कुठल्या साप्ताहिकाचे अंक दुसरीकडे कुठेच नाहीत, कुठल्या वर्षाचा गठ्ठा कुणाच्या वारसांनी देणगी म्हणून दिला, हे त्यांना दाखल नोंदवही न उघडता सांगता यायचं. महोदय, माणूस नसेल तर ग्रंथालय म्हणजे नुसतं गोदाम. ते कधी रिकामं करायचं हे मग टेम्पोवाला ठरवतो.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा प्रमुख हा 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात विद्यापीठाचा अधिकारी आहे. कायद्यानं अधिकारी ठरवायचा आणि खुर्ची रिकामी ठेवायची, हा कुठला कारभार? पैसे नाहीत म्हणता? राधाकृष्णन आयोगानं 1949 मध्येच सांगून ठेवलंय की विद्यापीठानं आपल्या अंदाजपत्रकाचा सव्वासहा टक्के भाग ग्रंथालयावर खर्च करावा, नाहीतर दर विद्यार्थ्यामागे 40 रुपये. तेव्हाचे 40 रुपये! कोठारी आयोगानं 1966 मध्ये साडेसहा ते दहा टक्के म्हटलं. आज राज्यातलं एक तरी विद्यापीठ या आकड्याच्या जवळपास जातं का? यादी जाहीर करा, आम्हीही वाचू.

आपला विभाग आता म्हणेल की केंद्राचं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आलंय, संशोधनाची नियतकालिकं सरकारी संस्थांना ऑनलाइन मिळतात. आलंय, मला ठाऊक आहे. 2025 ते 2027 साठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिकं, लाभार्थी 1 कोटी 80 लाख. भागाकार करा, वर्षाला माझ्या वाट्याचे साधारण अकराशे रुपये परदेशी प्रकाशकांना जातात. जाऊ देत, विज्ञानाच्या मुलांना त्याची गरज आहे. पण प्रतिसरकारच्या कुंडलच्या न्यायदान मंडळानं कुणाला काय शिक्षा दिली हे त्या 13,000 नियतकालिकांत सापडणार नाही. ते त्या लाल फडक्यात होतं.

आम्हा सांगलीकरांना पुस्तकं गमावणं नवीन नाही. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. सांगली नगर वाचनालयात पाणी शिरलं, दुर्मिळ ग्रंथांचा लगदा झाला. तेव्हा सगळं गाव हळहळलं. पुराला जाब विचारता येत नाही. इथे पाणी नव्हतं, इथे सही होती. म्हणून जाब विचारते आहे.

आणि माझं काय? पीएच.डी.ची मुदत सहा वर्षं. मी तासिका तत्त्वावर शिकवते. सकाळी पहिली एसटी धरून कॉलेज, दुपारी तिथून ग्रंथालय. पूर्वी वाचनकक्ष रात्री नऊपर्यंत उघडा असायचा, आता माणसं नाहीत म्हणून पाचला कुलूप. मी पोचते साडेतीनला. मानधन महिनोन् महिने येत नाही, दिवाळीला तर नाहीच नाही. घरी विचारतात, अजून किती वर्षं? मार्गदर्शक म्हणतात, साधनं बदला, विषय थोडा वळवा. कुठे वळवू? माझ्या आजीचं लग्न प्रतिसरकारच्या काळात गांधी पद्धतीनं लागलं, वाजंत्री नाही, हुंडा नाही. कुठल्याशा साप्ताहिकात त्याची चार ओळींची बातमी आली होती, असं घरात सांगतात. मी प्रबंध करतानाच ती शोधत होते. आता कुठे शोधायची ते सांगा.

माझ्यासारख्या कितीजणी असतील. सारथी, बार्टी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक विद्यार्थ्यांना उपोषणाला बसावं लागतं, हे राज्यानं पाहिलंय. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, सगळ्यांनी पेढे वाटले, मीही वाटले. दिल्लीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी आमच्या सांगलीच्या ताराबाई भवाळकर बसल्या, अभिमानानं ऊर भरून आला. संमेलनाला निधी मिळतो, फलक लागतात, मंत्री येतात. आणि त्याच भाषेत छापलेले ऐंशी वर्षांपूर्वीचे अंक सांभाळायला एक ग्रंथपाल नेमता येत नाही? या व्यवस्थेला मराठी मंडपातच हवी आहे का?

एक गोष्ट माझ्या अभ्यासातली सांगते. प्रतिसरकार भूमिगत होतं. क्रांतिसिंह नाना पाटलांवर इंग्रजांचं वॉरंट होतं, कार्यकर्ते रात्री गाव बदलत होते, तिजोरीत पैसा नव्हता म्हणून 1944 मध्ये धुळ्याचा खजिना लुटावा लागला. अशा अवस्थेत त्या लोकांनी गावोगावी ग्रंथालयं काढली. हातात बंदूक असलेल्या, डोक्यावर छत नसलेल्या सरकारला हे सुचलं आणि जमलं. आपल्याकडे मंत्रालय आहे, संचालनालय आहे, मंजूर पदांचा आकृतिबंध आहे, वित्त विभागाची मान्यता आहे.

राज्यातल्या विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या ग्रंथपालांच्या रिक्त जागा भरा, कार्यभारावर भागवू नका. मुलं दुपारनंतरच मोकळी होतात, वाचनकक्ष रात्री उघडे ठेवा. आणि 1960 पूर्वीचं कुठलंही मराठी नियतकालिक पुराभिलेख विभागाला विचारल्याशिवाय निर्लेखित करायचं नाही, असा शासन निर्णय काढा.

पण हे सगळं नंतर. तळघरात अजून एका कपाटाचे गठ्ठे बाहेर काढून जिन्याखाली रचलेत. 1945 आणि 1946 चे अंक त्यात आहेत, मी स्वतः पाहिलेत. परिचर काका म्हणतात, टेम्पो सोमवारी परत येणार. शुक्रवारपर्यंत सर्व विद्यापीठांना निर्लेखन थांबवण्याचं परिपत्रक पाठवा. एका पानाचं काम आहे.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी
ता. पलूस, जि. सांगली